समुद्रांतून उगवणारीं बेटें आणि आपला काळा दगड

(शाळेच्या पटांगणांत शेतकरी, कारागीर व मायबहिणी यांच्यापुढें झालेलें व्याख्यान)

आज आम्ही तुम्हांस ज्वालामुखी बेटांची हकीगत सांगणार आहों. हें ऐकून कित्येकांच्या मनांत येईल कीं, मास्तरांना आज हें काय सुचलें? विहिरीला पाणी कसें राहील, ऊंसाला भाव कसा मिळेल, हें सोडून समुद्रांतल्या आगीच्या डोंगराशीं आपला संबंध काय? मंडळी, संबंध आहे, आणि तो तुमच्या घरांतच पडलेला आहे. ज्या जात्यावर आमच्या आयाबहिणींनीं पिढ्यान् पिढ्या दळण दळलें तें जातें, ज्या पाट्यावर मसाला वाटला तो पाटा, शिवेवरचा म्हसोबा आणि देवळाची पायरी, हीं सारीं एकाच काळ्या दगडाचीं. तो दगड एके काळीं वितळलेला रस होता. तो रस ज्या भट्टींतून निघाला ती भट्टी अजून विझलेली नाहीं. दूर समुद्रांत एका बेटावर ती अजूनही पेटते. त्या बेटापर्यंत आज आपणांस जावयाचें आहे. वाट लांबची आहे, तेव्हां सावकाश चालूं.

पहिला प्रश्न, बेट म्हणजे काय? पुष्कळांची समजूत अशी कीं, बेट म्हणजे पाण्यावर तरंगणारा जमिनीचा तुकडा. तसें नाहीं. ज्वालामुखी बेट म्हणजे समुद्राच्या तळापासून उठलेल्या डोंगराचें डोकें होय. गळ्याइतक्या पाण्यांत उभ्या असलेल्या माणसाचें डोकें तेवढें दिसावें, तसें तें दिसतें. पॅसिफिक महासागरांत हवाई नांवाचें बेट आहे. तेथील मौना केआ हा डोंगर समुद्रावर सुमारें १३,८०० फूट दिसतो. पण तळापासून मोजला तर त्याची उंची ३३,००० फुटांवर जाते. एव्हरेस्ट शिखर समुद्रसपाटीपासून २९,००० फुटांच्या आसपास आहे, हें लक्षांत घ्या.

असें बेट जन्मास येतांना माणसांनीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. युरोपच्या वायव्येस आइसलंड म्हणून देश आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ता. १४ नोव्हेंबर १९६३ रोजीं सकाळीं एका मासेमारी बोटीवरील कोळ्यांना समुद्रांतून काळा धूर निघतांना दिसला. त्यांना वाटलें, कोणाची तरी बोट पेटली. मदतीस म्हणून ते जवळ गेले, तों बोट कसची, समुद्रच फुटला होता! तेथें पाणी सुमारें ४२५ फूट खोल होतें. दुसऱ्याच दिवशीं पाण्यावर काळ्या राखेचा ढीग डोकावूं लागला. आग कधीं मंदावे, कधीं पुन्हां भडके. अशी ती जून १९६७ पर्यंत चालली, आणि सुमारें एक चौरस मैलाचें बेट तयार झालें. त्याला सुर्टसी असें नांव पडलें.

आतां यांतली खुबी पहा. आरंभीं वर आली ती नुसती राख व खडी. तेवढ्यावर राहतें तर लाटांनीं तें बेट कधींच धुऊन नेलें असतें. परंतु पुढें मुखांतून शिलारस वाहूं लागला व राखेवर पसरून थिजला. त्या दगडी कवचानें बेट तगलें. त्याच्या शेजारीं सन १९६५ मध्यें आणखी दोन लहान बेटें वर आलीं होतीं. त्यांना हें कवच मिळालें नाहीं, म्हणून तीं कांहीं महिन्यांतच समुद्रानें पुसून टाकलीं. सुर्टसीवर पहिलें रोप सन १९६५ मध्येंच दिसलें. बी लाटेनें आणलें, वाऱ्यानें आणलें, पांखरांनीं आणलें. आणि खत घातलें तें पांखरांच्या विष्ठेनें. शेतकऱ्याला यांत नवल नाहीं. जमीन कशी होते, हें तो रोजच पाहतो.

हा शिलारस येतो कोठून? पृथ्वीच्या पोटांत सालीखालीं नुसता रसाचा समुद्र उसळत आहे, असें कित्येकांस वाटतें. तें खरें नाहीं. पृथ्वीच्या सालीखालचा खडक अतिशय तप्त आहे, पण वरच्या ओझ्यानें दाबला गेल्यामुळें तो बहुतेक घट्टच राहतो. तो वितळण्याचीं मुख्य कारणें दोन. एक, तो वर सरकला कीं त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि कांहीं भाग वितळतो. दुसरें, त्यांत पाणी मिसळलें म्हणजे तो कमी उष्णतेंतही वितळतो. सोनारदादांना हें चटकन् कळेल. झाळणाला सवागी लावली म्हणजे तें लवकर विरघळून पसरतें ना? खोल खडकाला पाणी हीच सवागी.

आतां पृथ्वीची साल अखंड नाहीं. तळें आटल्यावर चिखलाच्या खपल्या पडतात, तसे तिचे मोठमोठे तुकडे आहेत. आणि ते वर्षाला इंच-दोन इंच, कोठें त्याहून थोडे अधिक, असे सरकत असतात. जेथें दोन तुकडे एकमेकांपासून दूर जातात तेथें खालचा खडक वर येतो व वितळतो. आइसलंड अशाच फटीवर बसलें आहे. जेथें एक तुकडा दुसऱ्याच्या खालीं घुसतो, तेथें समुद्राचें पाणी मुरलेला खडक खोल जातो, वरच्या तप्त खडकाला पाणी मिळतें आणि रस तयार होतो. जपान, जावा, सुमात्रा आणि आपलीं अंदमानांतील ज्वालामुखी बेटें हीं या जातीचीं. तिसरा प्रकार असा कीं, तुकड्याच्या मधोमध, कडेपासून दूर, खालून तप्त खडकाचा एक खांब वर येत असतो. हवाई बेटें यांतलीं. आम्हांला ज्या बेटावर जावयाचें आहे, तेंही यांतलेंच.

सगळे ज्वालामुखी सारखे फुटत नाहींत. याचें कारण गुऱ्हाळांत उभें राहिलें कीं समजतें. काहिलींत पातळ रस असतो तेव्हां बुडबुडे सहज वर येऊन फुटतात. तोच पाक दाट झाला म्हणजे वाफ आंत कोंडते आणि थेंब उडून हात भाजतो. हवाईचा शिलारस पातळ. तो नदीसारखा वाहतो, घरें गिळतो, पण माणसाला बहुधा पळायला वेळ देतो. जावा-सुमात्रेकडचा रस बहुधा चिकट. त्यांत वायु व वाफ कोंडते, आणि मग डोंगराचें झांकण उडतें.

जावा व सुमात्रा यांच्यामधील क्राकाताउ या बेटाचें असेंच झालें. ता. २६ व २७ ऑगस्ट १८८३ रोजीं तें असें फुटलें कीं, बेटाचा बहुतेक भाग समुद्रांत गडप झाला. सुमारें तीन हजार मैलांवरच्या रॉड्रिग्ज बेटावर त्याचा आवाज तोफांसारखा ऐकूं आला. ३६,००० हून अधिक माणसें मेलीं. तीं बहुतेक आगीनें नव्हे, तर उसळलेल्या लाटांनीं. पुढें सन १९२७ मध्यें त्याच जागीं समुद्रांतून नवें तोंड वर आलें. लोकांनीं त्याला ‘अनाक क्राकाताउ’ म्हटलें. अनाक म्हणजे मूल.

आपल्या देशांतही जागता ज्वालामुखी आहे. अंदमानांतील मुख्य शहर, ज्याला सन २०२४ पर्यंत पोर्ट ब्लेअर म्हणत, त्याच्या ईशान्येस सुमारें ८५ मैलांवर बॅरन नांवाचें निर्जन बेट आहे. त्याच्या उद्रेकाची लेखी नोंद सन १७८७ पासूनची आहे. एकोणिसाव्या शतकांत तो शांत झाला. लोकांना वाटलें विझला. पण सन १९९१ मध्यें तो पुन्हां पेटला, आणि त्यानंतर अनेक वेळां पेटत आला आहे. दीडशें वर्षें झोंपलेला मेला असें धरूं नये, हा त्याचा धडा.

आतां आपल्या भट्टीकडे वळूं. तुम्ही पाभरीनें पेरतां तेव्हां जमीन स्थिर असते आणि पाभर चालते, म्हणून दाणे ओळीनें पडतात. आतां उलट कल्पना करा. पाभर एका जागीं रोवलेली आहे आणि तिच्याखालून शेतच सरकत चाललें आहे. तरीही दाण्यांची ओळ पडेलच. समुद्रांतल्या बेटांची ओळ अशीच पडते. तप्त खांब बराचसा एका जागीं राहतो, वरून पृथ्वीचा तुकडा सरकतो, आणि एकामागून एक बेट उगवतें. जें बेट खांबावरून पुढें गेलें तें विझतें, झिजतें, खचतें. जें नुकतें वर आलें तें पेटतें.

सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं ही आपली भूमि येथें नव्हती. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, आणि उत्तरेकडे सरकतांना अशाच एका खांबावर आली. तेव्हां एखादा डोंगर फुटला नाहीं. जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून रस वाहिला. थिजला, पुन्हां वाहिला, त्यावर पुन्हां थिजला. घाट चढतांना डोंगराला पायऱ्या-पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्या. सह्याद्रीकडे त्यांची जाडी साडेसहा हजार फुटांहूनही अधिक भरते, आणि आजही सुमारें दोन लक्ष चौरस मैल मुलूख या दगडानें झांकलेला आहे. वेरूळचें कैलास लेणें याच दगडांत कोरलें. आपली काळी कपाशीची जमीन हीही याच दगडाची झीज होय.

भूमि पुढें सरकली, भट्टी मागें राहिली. बहुतेक भूशास्त्रज्ञ असें मानतात कीं, लक्षद्वीप, मालदीव व चागोस या बेटांच्या बुडाशीं जी दगडी रांग आहे, ती याच भट्टीनें घातलेली आहे. वरचे डोंगर खचले आणि त्यांच्या माथ्यावर पोवळ्याच्या जीवांनीं आपलीं घरें बांधलीं. म्हणून वरून तीं बेटें पोवळ्याचीं दिसतात. पुढें मॉरिशस बेट झालें. त्याचे जुने खडक सुमारें ऐंशी-नव्वद लक्ष वर्षांचे. त्यानंतर रियुनियन, तें समुद्रावर दिसूं लागल्याला सुमारें वीस लक्ष वर्षें झालीं. मुंबईहून समुद्रांत सुमारें तीन हजार मैलांवर असलेल्या या फ्रेंच अमलाखालील बेटावर ८,६०० फुटांहून उंच असा एक डोंगर आहे. त्याच्या फ्रेंच नांवाचा अर्थच ‘भट्टीचें शिखर’ असा आहे. जगांतील अतिशय जागत्या ज्वालामुखींत त्याची गणना होते. सतराव्या शतकापासून त्याच्या दीडशेंहून अधिक उद्रेकांची नोंद आहे. मंडळी, तुमच्या जात्याची जन्मभट्टी ती हीच.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. परशुरामानें बाण मारून समुद्र मागें हटविला आणि कोंकणची भूमि मिळविली, अशी कथा आपल्या कानीं घातली जाते. आणि भूमीचा पहिला मालक कोण, हें त्या कथेंतून हळूच आमच्या गळीं उतरविलें जातें. आम्ही कोणाच्या श्रद्धेची थट्टा करीत नाहीं. पण कोंकणच्या कड्यांतला काळा दगड स्वतःच साक्ष देतो कीं, तो कोणाच्या बाणानें आला नाहीं. तो रस होऊन वाहिला आणि थिजला, आणि तेव्हां ब्राह्मणही नव्हता आणि कुणबीही नव्हता. मूर्ति त्याच दगडाची, पायरीही त्याच दगडाची. उंच-नीच हा दगडाचा गुण नव्हे. घडविणाऱ्या पाथरवटाला मात्र देऊळ बांधून झाल्यावर गाभाऱ्यांत जातां येत नसे, हा माणसांचा गुण होता.

मॉरिशसची आणखी एक आठवण ठेवा. सन १८३४ पासून पुढें चार लाखांहून अधिक हिंदी मजूर करारानें बांधून त्या बेटावर नेले गेले. त्यांत आपले मराठी कष्टकरीही होते. त्यांचे वंशज तेथें अजून मराठी म्हणवितात व गणेशचतुर्थी करितात. ऊंस लावण्यापूर्वीं तेथील शेतांतले काळे धोंडे वेंचून बाजूला रचावे लागत. गुलामांनीं व मजुरांनीं रचलेल्या त्या राशी उसाच्या मळ्यांत आजही उभ्या आहेत. ज्या भट्टीचा दगड आपल्या लोकांनीं देशावर फोडला, त्याच भट्टीचा दगड समुद्रापार जाऊनही त्यांच्याच डोक्यावर आला!

आतां भयाविषयीं. रियुनियनवर सन १९७७ मध्यें शिलारस डोंगर उतरून एका गांवांत शिरला. लोकांना आधींच बाहेर काढलें होतें. घरें जळालीं. ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या दारापाशीं मात्र रस दुभंगला, थोडा आंत शिरला आणि थांबला. लोक त्याला चमत्कार म्हणूं लागले. आम्ही विचारतों, देवानें आपलें घर वांचविलें आणि गरिबांचीं घरें कां जाऊं दिलीं? असला पक्षपात देवाच्या माथीं मारणें ही भक्ति नव्हे. रस उतार पाहतो, आडवी भिंत पाहतो, आणि थंड झाला म्हणजे थांबतो. त्याला धर्म नाहीं, जात नाहीं. तेथील लोक चमत्कारावर विसंबून राहिले नाहींत, हें मात्र त्यांना भूषणावह आहे. दोन वर्षांनीं, सन १९७९ मध्यें, त्या डोंगरावर नजर ठेवण्यासाठीं वेधशाळा निघाली. जमीन किती थरथरते, किती फुगते, कोणता वायु निघतो, हें तेथें अहोरात्र मोजतात.

हवाईची एक हकीगत आमच्या भगिनींनीं विशेष ऐकावी. तेथील किलौएआ ज्वालामुखींत पेले नांवाची देवी राहते, अशी तेथील लोकांची जुनी श्रद्धा. त्या कुंडाकांठचीं लाल फळें देवीला अर्पण केल्यावांचून खाऊं नयेत, असा दंडक. डिसेंबर १८२४ मध्यें कापिओलानी नांवाची एक सरदार स्त्री तेथें निघाली. पुजारिणीनें तिला अडविलें, मरशील म्हणून धाक घातला. तिनें ऐकलें नाहीं. ती कुंडांत उतरली, फळें अर्पण न करितां खाल्लीं, दगड कुंडांत टाकले, आणि सुखरूप परत आली. तिनें ख्रिस्ती धर्म घेतला होता व त्या बळावर ती गेली. तो तिचा प्रश्न. आम्ही तिच्या धैर्याला नमस्कार करितों. पण न्यायाची गोष्ट अशी कीं, त्या लोकांच्या जुन्या कथांतून ज्ञानही आहे. पेले वायव्येकडच्या बेटावरून निघून एकेक बेट सोडीत आग्नेयेकडे आली, असें त्या सांगतात. आणि भूशास्त्र म्हणतें, तेथील बेटें वायव्येकडून आग्नेयेकडे क्रमानें तरुण होत जातात! अडाणी म्हटलेल्या लोकांनीं झिजलेली जमीन व ताजी जमीन डोळ्यांनीं ओळखली होती. आमचें भांडण लोकांच्या कथेशीं नाहीं. भयाचा व्यापार करणाऱ्याशीं आहे.

ज्ञानानें काय साधतें, तें पुन्हां आइसलंडमध्यें पाहूं. सुर्टसीजवळच हैमाए नांवाचें कोळ्यांच्या वस्तीचें बेट आहे. ता. २३ जानेवारी १९७३ रोजीं मध्यरात्रीनंतर गांवाच्या कडेलाच जमीन फाटून आग निघाली. आदल्या दिवशींच्या वादळामुळें मासेमारी बोटी बंदरांतच होत्या. सुमारें ५,३०० माणसें कांहीं तासांत त्या बोटींतून बाहेर पडलीं. कोणी कोणाची जात, पत विचारली नाहीं. पुढें शिलारस बंदराचें तोंड बुजवूं लागला. बंदर गेलें तर पोट गेलें! तेव्हां त्यांनीं पंप लावून महिनोन् महिने समुद्राचें पाणी त्या रसावर मारिलें. रसाचें तोंड थिजलें, बंदर वांचलें. चारशेंच्या आसपास घरें गेलीं, पण माणूस एकच दगावला. पुढें त्याच तप्त दगडाच्या उष्णतेवर त्यांनीं कित्येक वर्षें आपलीं घरें ऊबदार केलीं.

आणि व्यवस्था नसली म्हणजे काय होतें तेंही पहा. ता. २२ डिसेंबर २०१८ रोजीं रात्रीं अनाक क्राकाताउची एक बाजू समुद्रांत ढासळली. लाट उठली, आणि किनाऱ्यावरचीं ४०० हून अधिक माणसें कांहीं कळण्यापूर्वींच गेलीं. धोक्याची सूचना देण्याची तेथील व्यवस्था भूकंपावर बेतलेली होती. डोंगर ढासळून उठणाऱ्या लाटेसाठीं ती नव्हती. समुद्रांतील तरत्या यंत्रांचें काम तर सन २०१२ पासून बंद पडलेलें होतें. डोंगर जागा आहे, हें शास्त्रज्ञांना ठाऊक होतें. पण तें ज्ञान किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या झोंपडींपर्यंत वेळेवर पोंचलें नाहीं. वरच्यांच्या कपाटांत राहिलेलें ज्ञान गरिबाला न मिळालेल्या ज्ञानासारखेंच, मग तें कपाट पोथीचें असो कीं कचेरीचें.

म्हणून, बंधुभगिनींनो, आमचें सांगणें थोडकें आहे. आपल्याकडे आज आगीचा डोंगर नाहीं; पण भूकंप आहे, पूर आहे, दरड आहे, अवर्षण आहे. त्या प्रत्येकाच्या वेळीं कोणी तरी दारांत येऊन म्हणतो, कोप झाला आहे, शांति करा. त्याला दक्षिणा देण्यापूर्वीं विचारा, याचें कारण काय? खालचा उतार कसा, माती कोणती, वरचें पाणी कोठें मुरतें? आणि सरकारदरबारीं जाऊन विचारा, सूचना आमच्या वस्तीपर्यंत कोण आणणार, आणि केव्हां? जोतीरावांनीं सन १८७३ मध्यें जो समाज स्थापिला त्याच्या नांवांत ‘सत्यशोधक’ हा शब्द उगाच घातलेला नाहीं. शोध करणें हें कोणा एका जातीचें वतन नव्हे.

मुलाइतकेंच मुलीलाही शाळेंत घाला. उद्यां ती भूगोलाचें पुस्तक घेऊन बसेल तेव्हां तिला घरांतलें जुनें जातें दाखवा आणि हें कोठून आलें तें तिला सांगा. तुम्हांला सांगतां आलें नाहीं, तर शोधून काढून तिनें तुम्हांला सांगावें, असा हट्ट धरा. आम्ही शाळेंत आहोंच. ज्याला जें विचारावयाचें असेल त्यानें तें आतांच विचारावें, लाजूं नये.